अकरा जणांची नाव

॥ श्री ॥
मुलुंड,
ता. ९ जून १९५६

चि. सौ. कमळ हिस दादाचे अनेक आशीर्वाद.

मी इथे सुखरूप पोचलो. तुला तशा अवस्थेत टाकून निघताना पाय उचलत नव्हता, पण आठ दिवसांच्या वर रजा द्यायला साहेब तयार नव्हता. फुटबॉल लीगचे सामने सुरू झालेत, आणि मला कारखान्यात ठेवलंय ते खेळण्यासाठीच. फिटर खात्यात माझं नुसतं नाव. तुझ्या सासूबाई म्हणतात तसा, लाथा मारायचा पगार. परवा कूपरेजच्या मैदानावर उतरलो तेव्हा अकरांत उभा होतो एवढंच. एकही चेंडू धड मारला नाही. एरवी माझी आईबहीण काढणारा आमचा कप्तान अण्णा, तोसुद्धा नुसता पाठीवर थाप मारून गेला.

बबी कशी आहे? तिला ताप होता तो उतरला का? तू जेवतेस का ते खरं लिही. मला फसवायला जाऊ नकोस, लहानपणापासून तुला खोटं बोलता येत नाही.

आता मुद्द्याचं. सामना झाल्यावर सगळे विचारायला लागले, तेव्हा मी सांगितलं की वादळात आमच्या गोराईची एक लहान नाव परत आली नाही, तिच्यावर तिघं होते. नाव चालवणारा जयवंत तांडेल, त्याच्या हाताखालचा पोरगा धाकू आणि माझ्या बहिणीचा नवरा बाळा. बाळा मेव्हणा नंतर झाला, आधी मित्र होता, हेही सांगितलं. मग आमचा गोलकीपर नंदकिशोर म्हणाला की आपण प्रत्येकाने पगारातून काही काढू. हा घाटकोपरचा प्राणी, याला बोंबील आणि बांगडा यातला फरक कळत नाही, पण मनाचा चांगला आहे.

मी म्हटलं, आमची माणसं धर्मादाय हातात घेणार नाहीत. गेल्या वेळी बोरीवलीच्या शेटने तांदूळ पाठवले ते पाटलांनी तसेच होडीत घालून परत केले होते, आठवतं ना? पण वाटा घेतील. मग मी त्यांना आपली रीत समजावली. नाव हरवली की गावातली प्रत्येक नाव आपल्या मासळीतून एक वाटा बाजूला काढते आणि किनाऱ्यावर शिडाच्या कापडावर ठेवते. हरवलेल्या नावेवरच्या प्रत्येक घरची बाई येऊन कापडावर हात ठेवते, मग तो वाटा सारखा वाटून घेतात. त्यात उपकार नाही. नंदकिशोर म्हणाला, मग आपणही एक नावच आहोत, अकरा जणांची. सगळ्यांना ते इतकं पटलं की काल पगार झाला तेव्हा कारकुनाला सांगून प्रत्येकाने आपापला वाटा कापून घेतला. दर महिन्याला कापायचा ठरलाय. पावसाळाभर नावा वर ओढलेल्या, मासळी नाही, तेव्हा हा वाटा तिन्ही घरांना उपयोगी पडेल. पाटलांकडे पेद्रूबरोबर पाठवला आहे. पेद्रू म्हणजे आपल्या चर्चकडचाच, आमच्यात डावीकडे खेळतो.

जिवाला जप. मी आहे हे विसरू नकोस.

तुझा,
दादा

॥ श्री ॥
गोराई,
ता. १६ जून १९५६

ती. दादास कमळचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. बबीचा ताप उतरला. मी जेवते. सासूबाई समोर बसून जेवायला लावतात, त्यांच्यापुढे कुणाचं चालतं का?

पेद्रू वाटा घेऊन आला तेव्हा पाटील आधी गोंधळले. मग तो अकरा जणांच्या नावेचं बोलला तसे ते हसले. त्या दिवसानंतर गावात कुणी हसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी वाटा मान्य केला. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर कापड पसरलं. जयवंतभाऊंच्या घरची गोदाकाकी आली, तान्हं पोर कडेवर घेऊन. धाकूची आई आली. मी गेले नाही.

दादा, तू गावचा आहेस, तुला पुढचं सांगायला नको. एक घर जरी आलं नाही तरी नाव अजून दर्यावर आहे असं धरतात. दर्यावरच्या नावेचा वाटा कुणी घेत नाही. मासळी असती तर पाटलांनी ती संध्याकाळी खाडीत सोडली असती. पैसे खाडीत कसे सोडणार, म्हणून देवीच्या देवळात घागरीत ठेवलेत.

तुझ्या मित्रांना माझा नमस्कार सांग. घाम गाळून मिळवलेलं त्यांनी आमच्यासाठी काढून ठेवलं, त्यांचा यात काहीच दोष नाही. पण मी हात ठेवला की हे गेले असं मी सगळ्या गावासमोर म्हटल्यासारखं होतं. ते मी कशावरून म्हणू? ना नावेची फळी लागली, ना वल्हं, ना अंगावरचा कपडा. मनोरीची नाव अशीच वाहत जाफराबादेला लागली होती आणि माणसं दिवाळीला घरी आली. ती माणसं तू पाहिली आहेस. आणि आता तर दमणला पोर्तुगीज आपली नाव दिसली की माणसं आत टाकतात, असं बोरीवलीच्या बाजारात बोलतात. तुमच्या पेद्रूचा काका दमणला पाद्री आहे ना? त्याला विचारायला सांग. ही तिघंही तिथल्या तुरुंगात असतील असं मला सारखं वाटतं.

गोदाकाकी किनाऱ्यावरून परत जाताना दारावरून गेली, तेव्हा आत पाहून नुसती मान हलवली.

तू स्वतःचं खाणंपिणं सांभाळ. लग्नाचं बघ म्हटलं की चिडतोस, निदान खानावळ तरी बदल. पत्राची वाट पाहते.

तुझी,
कमळ

॥ श्री ॥
मुलुंड,
ता. २५ जून १९५६

चि. सौ. कमळ हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

पेद्रूने काकाला पत्र घातलं आहे. वर्णन सगळं दिलं, बाळाच्या भुवईवरच्या खुणेसकट. हल्ली तिकडचं टपाल कुठून कसं फिरतं देव जाणे, तेव्हा धीर धर. वेरावळच्या बंदरावरही कारखान्यातल्या एका काठेवाडी कारकुनाकडून चौकशी लावली आहे.

तू किनाऱ्यावर गेली नाहीस हे वाचलं. कमळ, माझी चूक झाली. धर्मादाय म्हणून आणलं असतं तर पाटलांनी परत केलं असतं, विषय तिथेच संपला असता. वाटा म्हटला, तर तुझ्या गळ्याशी आला. मला वाटलं तू जाशील. मी इतकी वर्षं गावाबाहेर आहे, मैदानावर बूट घालून धावतोय, रीत तोंडपाठ आहे पण ती कुणाला कुठे टोचेल हे कळेनासं झालंय.

दुरुस्त करायला म्हणून जुलैचा पगार व्हायच्या आधीच आम्ही थोडंसं वेगळं काढलं आणि नंदकिशोरला थेट गोदाकाकीकडे पाठवलं. म्हटलं, परका माणूस आहे, त्याच्याकडून भेट म्हणून घेईल. तिने त्याला पाट दिला, चहा दिला, आणि पैसे त्याच्या खिशात परत घातले. आमच्या माणसाचा वाटा देवळात आहे, तो सोडून मी दुसरं घेतलं तर त्याला काय तोंड दाखवू, असं म्हणाली म्हणे. धाकूच्या आईने तर दारच उघडलं नाही. नंदकिशोर परत आला तो होडीत ओकून, कपडे भिजवून, आणि वर मलाच विचारतो की तुझ्या गावची माणसं अशी का आहेत.

तुझ्याकडे सुकट आणि तांदूळ आहेत तोवर मला तुझी काळजी नाही. त्या दोन घरांची आहे. तू विचार कर. घाई करत नाही.

पावसात भिजत बाजाराला जाऊ नकोस.

तुझा,
दादा

श्री एकवीरा प्रसन्न
मुक्काम गोराई,
ता. १० जुलै १९५६

चि. चंदर यास अंजनाबाईचे आशीर्वाद विशेष. पत्र लिहिण्यास कारण की, मला लिहिता येत नाही म्हणून शाळेचे मास्तर लिहीत आहेत. ते आपल्या मनाचं काही घालणार नाहीत असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे.

तुझी बहीण माझी सून आहे आणि गुणाची आहे. पण हट्टी आहे. तुझ्या लाथा मारणाऱ्या पोरांनी दुसऱ्या महिन्याचाही वाटा पाठवला. पाटलांनी पुन्हा कापड पसरलं. ही घरात जाळं विणत बसली. दोन बाया पावसात उभ्या राहून परत गेल्या.

गोदाच्या अंगावरचं दूध आटलं आहे. ती पेजेवर आहे. तिने हातातल्या पाटल्या आधीच विकल्या, आता नवऱ्याची जाळी विकायला काढली. धाकूचा बाप आंधळा, आई दुसऱ्यांच्या घरी चटण्या वाटायला जाते. गावातल्या प्रत्येक घरात तुटवडा आहे, कोण किती देणार? आमच्या घरी निभतं, कारण तू आहेस आणि मी अजून टोपली डोक्यावर घेऊन बोरीवलीला जाते. म्हणून हिला थांबता येतं. हे मी तिच्या तोंडावर म्हटलं. ती रडली, पण उठली नाही.

बाळा माझ्या पोटचा आहे. तो गेला हे मला सांगायला कुणी नको. माझा नवरा गेला तेव्हा मी तिसऱ्या दिवशी कापडावर हात ठेवला होता, बाळा तेव्हा पोटात होता. दर्याने दिलं तर लगेच देतो, नाही तर नाही. मास्तर म्हणतात हे लिहू का, मी म्हटलं लिहा.

तुझं ती ऐकते. तिला समजाव. नारळी पौर्णिमेला नावा पुन्हा पाण्यात जातील, त्याच्या आत हे मिटायला पाहिजे. त्या दोघींना असं टांगून ठेवणं मला बघवत नाही. मास्तरांना इथे दोन भजी दिली, ते तुला नमस्कार सांगतात.

अंगठा अंजनाबाईचा.
लेखनिक, शाळामास्तर

॥ श्री ॥
मुलुंड,
ता. १९ जुलै १९५६

चि. सौ. कमळ हिस आशीर्वाद.

दमणहून पेद्रूच्या काकाचं उत्तर आलं. पाद्री स्वतः तुरुंगात जाऊन आले. आपल्याकडचे काही लोक आत आहेत, पण गोराईचं कुणी नाही. मेपासून त्या किनाऱ्याला नाव लागलेली नाही. वेरावळहून कळलं, तिथेही नाही. दीवला विचारलं आहे, पण तिकडून काही येईल असं मला वाटत नाही.

तुझ्या सासूबाईंचं पत्र आलं होतं. गोदाकाकीबद्दल तू मला का लिहिलं नाहीस?

आता मी मोठा भाऊ म्हणून लिहितो, मनाला लावून घे किंवा घेऊ नकोस. इथे आमच्यात कुजबुज सुरू झाली आहे. अण्णाच्या घरी बाळंतपण आहे, बायकोला रक्त कमी आहे, औषधं लागतात. तरी त्याने वाटा कापू दिला. पेद्रू सायकल घेणार होता, ती राहिली. आम्ही काही शेट नाही कमळ. गुडघा एकदा गेला की साहेब दुसऱ्या दिवशी हिशोब हातात ठेवतो, हे प्रत्येकाला माहीत आहे. तरी ही पोरं देतात, आणि ते देवळात घागरीत पडून राहतं, आणि पन्नास पावलांवर तान्हं पोर पेजेच्या पाण्यावर जगतं. काल एकजण मला म्हणाला, तुझी बहीण घेत नाही तर आम्ही का कापायचं?

बाळा गेला. कुणीतरी हे तुला लिहायलाच हवं होतं, आजवर कुणाला धीर झाला नाही, म्हणून मी लिहितो. त्या वादळात मोठ्या नावा फुटल्या, ही तर लहान होती. बाळा गेला, जयवंत तांडेल गेला, धाकू गेला. तू घरात बसून राहिलीस म्हणून तो परत येणार नाही. त्या दोन घरांचं मात्र वाटोळं होईल.

येत्या पगाराचा वाटा येईल तेव्हा जा आणि हात ठेव.

दादा

॥ श्री ॥
गोराई,
ता. २६ जुलै १९५६

ती. दादास नमस्कार.

तू मायन्यात सौ. लिहितोस आणि खाली मला विधवा करतोस. दोन्ही एकाच हाताने कसं लिहिलंस?

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि चुलीत घातलं. तू नाव ठरवलीस, वाटा ठरवलास, पाटलांना पाठवलास. मला एका शब्दाने विचारलं नाहीस. जून महिन्यात, नाव गेल्याला पुरते तीन आठवडे झाले नव्हते, तेव्हाच तू यांना मेलेल्यांत धरून बसला होतास. मित्र म्हणतोस ना? मग तू एवढ्या लवकर कसा मोकळा झालास?

गोदाकाकीबद्दल का लिहिलं नाही विचारतोस. लिहून काय करू? तिचं पोर गेले तीन आठवडे माझ्या अंगावर पितं. सकाळी ती आणून देते, संध्याकाळी घेऊन जाते. बबी एका बाजूला, तो एका बाजूला. सासूबाईंनी हे मास्तरांना सांगितलं नाही, कारण त्यांना मला वाईट ठरवायचं होतं. तांदळातला निम्मा मी तिच्याकडे देते, ती उसना म्हणून घेते. धाकूच्या आईला सुकट देते. मला काय दगड समजलास?

मला माहीत आहे मी काय करते आहे ते. सकाळी उठले की पहिल्यांदा हेच डोक्यात येतं, की माझ्यामुळे दोन घरं अडकली. मग किनाऱ्याकडे बघते आणि वाटतं, आज आली नाव तर? मी काल हात ठेवला आणि आज नाव आली, तर मी त्यांना काय सांगू? की थांबले नाही, तांदूळ संपले म्हणून?

तुझ्या मित्रांना सांग, बंद करा. त्यांनी आपल्या बायकामुलांना घालावं. अण्णांच्या बायकोला बीट आणि काळ्या मनुका द्यायला सांग, रक्त भरतं.

रागावले आहे. तरी तू आजारी पडू नकोस.

कमळ

॥ श्री ॥
मुलुंड,
ता. ८ ऑगस्ट १९५६

चि. सौ. कमळ हिस दादाचे अनेक आशीर्वाद.

उत्तर द्यायला उशीर केला. तू म्हणतेस ते खरं आहे, मी लवकर मोकळा झालो. लहानपणी चर्चच्या मैदानावर अनवाणी खेळायचो तेव्हा बाळा गोलात उभा असायचा. इथे रोज मैदानावर गेलो की तो दिसतो, आणि ते सोसत नाही म्हणून तो गेला, तो गेला असं मीच मला सांगत राहिलो. ते तुझ्यावर लादायला नको होतं.

पगाराच्या दिवशी मी सगळ्यांना एकत्र बसवलं आणि तुझा निरोप सांगितला. वाटा बंद करा म्हटलं. गोदाकाकीचं पोर तुझ्या अंगावर आहे हेही सांगितलं. ज्याने कुरकुर केली होती तो उठून बाहेर जाऊन उभा राहिला. अण्णा म्हणाला की वाटा कापला तेव्हाच तो आपला राहिला नाही, तो त्या नावेचा झाला, कधी घ्यायचा ते नावेची माणसं बघतील. मग कारकुनाकडे जाऊन सगळ्यात आधी त्यानेच कापून घेतला. त्याच्या मागोमाग सगळे गेले. अण्णाला मुलगी झाली, बाळ-बाळंतीण बरी आहेत. तुझा मनुकांचा निरोप पोचल्याचं सांग असं त्याच्या बायकोने म्हटलंय.

माझं म्हणशील तर पुढच्या दोन सामन्यांतून मला काढलं आहे. खेळच जमत नाही. साहेब म्हणाला, असंच चाललं तर खरोखरीचं फिटरकाम शिकून घे. शिकेन, त्यात काय.

दीवचं उत्तर अजून नाही. आलं की लगेच कळवीन, चांगलं वाईट जे असेल ते.

आता मी तुला काही सांगणार नाही. तू वर्षभर थांबलीस, जन्मभर थांबलीस, तरी मी तुझ्या बाजूला आहे, आणि तांदूळ येत राहतील. पौर्णिमेला यायचं मनात होतं, पण रजा मिळत नाही, काढलेल्या खेळाडूलाही राखीव म्हणून बाकावर बसावं लागतं. मनात काही ठेवू नकोस.

तुझा,
दादा

॥ श्री ॥
गोराई,
ता. २२ ऑगस्ट १९५६

ती. दादास कमळचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून राग गेला होता. काल पौर्णिमा झाली. आज सगळ्या नावा गेल्या, किनारा मोकळा आहे, म्हणून लिहायला बसले आहे.

चार दिवसांमागे गोदाकाकी आली. पोर माझ्या मांडीवर होतं. तिने ते उचललं आणि म्हणाली की उद्यापासून आणणार नाही. बबी सुकत चालली आहे, तुझ्या लक्षात आलं नाही, मला येतं, असं म्हणाली. मी म्हटलं, मला पुरतं. ती म्हणाली, तू थांब, तुला जितकं थांबायचं तितकं थांब, पण माझ्यासाठी तुझ्या पोरीचं तोडू नकोस. वाट्याचं एक अक्षर काढलं नाही. पोराला पदराखाली घेऊन गेली. तीन महिन्यांत ती मला एकदाही टोचून बोलली नाही, दादा. शिव्या दिल्या असत्या तर मी आणखी वर्षभर थांबले असते.

पोर त्यांच्या घरात रडत होतं ते भिंतीतून ऐकू येत होतं. बबी पिऊन झोपली होती. सकाळी मी पाटलांकडे गेले आणि सांगितलं, पौर्णिमेची पूजा झाली की कापड पसरा.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, शहाणी आहेस. त्यांनीच मला नवं लुगडं काढून दिलं, केस विंचरले, बबीला कडेवर घेतलं. वाटेत कुणी थांबवून विचारलं तर त्याच उत्तर देत होत्या. सगळा गाव किनाऱ्यावर होता. नारळ सोडून झाले होते, पोरं खोबऱ्यासाठी भांडत होती. पाटलांनी घागर आणून कापडावर रिकामी केली. तिन्ही महिन्यांचा तुमचा वाटा, आणि त्या सकाळी खाडीत जाळी टाकून जी मासळी लागली त्यातला गावातल्या नावांचा. पाटलांनी तुमच्या नावेचंही नाव घेतलं, अकरा जणांची मुलुंडची नाव म्हणून.

गोदाकाकीने हात ठेवला. धाकूच्या आईने ठेवला, तिचा नवरा शेजारी उभा होता, त्याला दिसत नाही म्हणून तो सारखा विचारत होता की झालं का. मी वाकले. तेवढ्यात सासूबाईंनी बबीला वाळूत टाकलं आणि धावत येऊन माझं मनगट धरलं. घट्ट धरलं, अजून वळ आहे. म्हणाल्या, "घेऊ नको गं कमळ. अजून थोडे दिवस थांबू. माझा बाळा येईल."

ज्या बाईने मला तीन महिने झोपू दिलं नाही, तुला पत्र घातलं, मास्तरांना भजी दिली, तीच. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं तर त्या मला ओळखतच नव्हत्या. पाटील मागे सरले. गोदाकाकीने आपला हात कापडावरून उचलला. थांबायचं असेल तर थांबू, असं मला मानेने म्हणाली. तिचं पोर तिच्या खांद्यावर निजलं होतं, रडून रडून.

दादा, त्या वेळी मला थांबता आलं असतं. आता सासूबाईंनीच अडवलं होतं, गावाने मला बोल लावला नसता. मला थांबायचंही होतं, तुला खोटं कशाला सांगू? मी एका हाताने त्यांची बोटं एकेक सोडवली. मग गोदाकाकीचा हात धरून कापडावर ठेवला, आणि त्याच्या शेजारी माझा.

पाटील ओरडले, नाव लागली, आता ती दर्यावर नाही. सगळा किनारा त्यांच्यामागून ओरडला. तू ते ऐकलेलं आहेस, मी याआधी लांबून ऐकलं होतं.

घरी आल्यावर बायकांनी जे करायचं ते केलं. ते लिहीत नाही. सासूबाई अंधार पडेपर्यंत वाळूतच बसून होत्या. नावा आज गेल्या तेव्हाही तिथेच जाऊन बसल्या, येणाऱ्या प्रत्येक शिडाकडे बघतात. मी भात घेऊन जाते, त्या खातात, आणि मला विचारतात की तू का नाही गं थांबलीस. आता रोज विचारतील.

गोदाकाकीने आज तांदूळ आणि गूळ आणला. जाळी विकायची थांबवली. पोराला अजून काही दिवस मीच पाजते, तिचं दूध परत येईल असं सुईण म्हणते.

अण्णांना, नंदकिशोरना, पेद्रूला, सगळ्यांना कळव की वाटा पोचला, तिन्ही घरांनी घेतला. दीवहून काही उत्तर आलं तर आता मला लिहू नकोस, तुझ्याजवळच ठेव. माया आहे तशीच राहू दे.

तुझी बहीण,
कमळ